औषधाच्या डबीतला हिंगूळ

सर्दी, अंगदुखी आणि कणकण यांवर महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही त्रिभुवनकीर्तीची गोळी दिली जाते. औषधांच्या दुकानात ती सहज मिळते, किंमत बेताची असते आणि दोन-तीन पिढ्यांचा परिचय असल्याने तिच्याविषयी कोणी फारशी चौकशी करीत नाही. डबीवरील घटकद्रव्यांची यादी तर क्वचितच वाचली जाते. त्या यादीत सुंठ, मिरे, पिंपळी, पिंपळमूळ आणि टंकण ही ओळखीची नावे दिसतात. त्यांच्या जोडीला आणखी दोन नावे असतात : शुद्ध वत्सनाभ आणि शुद्ध हिंगूळ. यांपैकी वत्सनाभ ही विषारी वनस्पती आहे, हे अनेकांना ऐकून माहीत असते. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग, रसायनशास्त्राच्या भाषेत मर्क्युरिक सल्फाइड, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

हिशेब मांडला तर आकडा चक्रावून टाकणारा निघतो. या कल्पातील सात द्रव्ये समभाग घेतली जातात, म्हणजे हिंगुळाचा वाटा साधारण एक सप्तमांश. हिंगुळाच्या वजनात सुमारे ८६ टक्के पारा असतो. त्यामुळे १२५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ढोबळमानाने १५ मिलिग्रॅम पारा येतो. दहा लाख भागांत मोजायचे झाले तर हे प्रमाण लाखाच्या वर जाते. याउलट, निव्वळ वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांच्या निर्यातीसाठी भारत सरकारने पाऱ्याची जी कमाल मर्यादा ठरविली आहे ती दहा लाख भागांत अवघा एक भाग आहे.

एकाच देशात, एकाच औषधपद्धतीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कायदेशीर आहेत. हा विरोधाभास समजून घ्यायचा असेल तर पाऱ्याच्या या संयुगाचे गुणधर्म मुळापासून पाहावे लागतात. हिंगूळ हे निखळ विष आहे, असे म्हणून विषय संपत नाही आणि शोधन केलेला हिंगूळ सर्वथा निर्धोक आहे, असे म्हणूनही तो संपत नाही.

नगरचा वारसा

या विषयाचा अहिल्यानगरशी, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरशी, जुना संबंध आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये या शहरात आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गुणेशास्त्रींनी मराठीत लिहिलेला ‘औषधिगुणधर्मशास्त्र’ हा ग्रंथ वैद्यांच्या अनेक पिढ्यांनी हाताशी ठेवला. कोणता कल्प कोणत्या अवस्थेत द्यावा, तो कोणत्या दोषावर व धातूवर काम करतो आणि कोठे तो टाळावा, याचा ऊहापोह त्यात आहे. पारा, गंधक आणि हिंगूळ यांपासून होणाऱ्या रसकल्पांना त्यात महत्त्वाचे स्थान आहे.

आयुर्वेदात खनिजे व धातू यांचा औषधी उपयोग सांगणाऱ्या शाखेला रसशास्त्र म्हणतात. येथे ‘रस’ म्हणजे पारा. त्रिभुवनकीर्ती रस, आनंदभैरव रस, सूतशेखर रस या नावांतील ‘रस’ या शब्दाचा फळांच्या रसाशी काही संबंध नाही. औषधाच्या नावापुढे हा शब्द दिसला की बहुतेक वेळा त्यात पाऱ्याचे संयुग असते, एवढे लक्षात ठेवले तरी ग्राहकाचे काम सोपे होते. अर्थात नावात ‘रस’ नसतानाही पारा असू शकतो. यकृताच्या तक्रारींवर व त्वचारोगांवर दिली जाणारी आरोग्यवर्धिनी हे त्याचे परिचित उदाहरण. तिच्या घटकांत पारा आणि गंधक यांची कज्जली असते.

एक संयुग, दोन रंग

मर्क्युरिक सल्फाइडच्या प्रत्येक रेणुसूत्रात पाऱ्याचा एक अणू आणि गंधकाचा एक अणू असतो. घटक तेच, प्रमाणही तेच. तरीही हे संयुग दोन ठळक रूपांत आढळते. एक लाल, दुसरे काळे. लाल रूपात अणूंची मांडणी षट्कोनी पद्धतीची असते. खनिज हिंगूळ म्हणजे हेच रूप. काळ्या रूपातील मांडणी घनाकार असते. सामान्य तापमानाला लाल रूप अधिक स्थिर असते. सुमारे ३४५ अंश सेल्सिअसच्या वर तापविल्यास ते काळ्या रूपात जाते.

लाल हिंगूळ पाण्याच्या आठपट जड आहे. पण कठीण मुळीच नाही. त्यावर नखाने ओरखडा उठू शकतो. प्रकाशाला वळविण्याची त्याची क्षमता हिऱ्यापेक्षाही अधिक आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, तर हिंगुळाचा २.९च्या पुढे. हिंगुळाच्या शुद्ध स्फटिकाला रत्नासारखी झळाळी येते ती यामुळेच. रसग्रंथांनी हिंगुळाचे चर्मार, शुकतुंड आणि हंसपाद असे प्रकार सांगितले आणि त्यांतील लालभडक हंसपाद श्रेष्ठ मानला. रंगावरून शुद्धतेचा अंदाज बांधण्याची ती पद्धत होती.

या संयुगाचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे त्याची अविद्राव्यता. मर्क्युरिक सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचा विद्राव्यता गुणाकार दहाच्या उणे बावन्नाव्या घाताच्या आसपास, म्हणजे दशांशचिन्हानंतर पन्नासाहून अधिक शून्ये इतका लहान आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत धातूंचे सल्फाइड वेगळे करताना विद्यार्थ्यांना याचा प्रत्यय येतो. तांबे, बिस्मथ, कॅडमियम यांचे सल्फाइड विरल नत्राम्लात विरघळतात. पाऱ्याचे सल्फाइड तळाशी तसेच राहते. त्याला विरघळविण्यासाठी अम्लराज, म्हणजे नत्राम्ल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण, लागते.

या गुणधर्माला उष्णता मात्र छेद देते. हवेत तापविल्यास हिंगुळातील गंधकाचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो आणि पारा मोकळा होऊन वाफेच्या रूपाने बाहेर पडतो. जगभर खनिजापासून पारा मिळविण्याची हीच रीत होती. रसशास्त्रातील ऊर्ध्वपातनाच्या क्रियेतही हिंगुळापासून पारा याच तत्त्वावर काढतात. खाली हिंगूळ, वर दुसरे भांडे, सांधे मातकापडाने बंद, खाली अग्नी आणि वरच्या भांड्याच्या थंड बुडाला चिकटलेले पाऱ्याचे कण, अशी ती योजना. याचाच अर्थ असा की, थंड आणि कोरडा हिंगूळ जितका निष्क्रिय, तितकाच तापविलेला हिंगूळ घातक. पाऱ्याची वाफ श्वासावाटे गेली तर तिचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात शोषला जातो.

खलातील कज्जली, कूपीतील रससिंदूर

रसकल्पांचा पाया म्हणजे कज्जली. शुद्ध केलेला पारा आणि शुद्ध केलेला गंधक खलात घालून तासन्तास, प्रसंगी अनेक दिवस घोटतात. चकाकणारा पारा हळूहळू दिसेनासा होतो, पिवळा गंधक काळवंडतो आणि शेवटी काजळासारखी मऊ, काळी पूड उरते. म्हणून तिचे नाव कज्जली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते काळे मर्क्युरिक सल्फाइड असते. क्ष-किरणांच्या विवर्तनाने केलेल्या आधुनिक तपासण्यांतही कज्जलीत हेच घनाकार मांडणीचे रूप आढळते.

कज्जली पूर्ण झाली की नाही हे ठरविण्यासाठी ग्रंथांनी साध्या कसोट्या दिल्या आहेत. चिमूटभर कज्जली पाण्यात कालवून उन्हात पाहिली असता एकही चमकणारा कण दिसता कामा नये. या कसोटीला निश्चंद्रत्व म्हणतात. बोटांच्या मध्ये चोळली असता ती बोटांच्या रेषांत भरली पाहिजे. पहिल्या कसोटीचा अर्थ आजच्या भाषेत सरळ आहे : चमकणारा कण म्हणजे गंधकाशी संयोग न झालेला, मोकळा पारा. तो उरला असेल तर काम अपुरे आहे. साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या सीमेपर्यंत ही परीक्षा अचूक आहे. त्या सीमेपलीकडचे काम उपकरणांनी करावे लागते.

कज्जलीपासून रससिंदूर करण्याची कृती अधिक कष्टाची आहे. काचेच्या कूपीला मातीत भिजविलेल्या कापडाचे सात थर देऊन वाळवितात. कूपीचा साधारण एकतृतीयांश भाग कज्जलीने भरून ती वाळूने भरलेल्या भांड्यात, म्हणजे वाळुकायंत्रात, पुरतात. मग मंद, मध्यम आणि तीव्र अशा चढत्या क्रमाने अनेक तास आच देतात. आरंभी जादा गंधक वितळतो, त्याचा धूर निघतो, कूपीच्या तोंडाशी निळी ज्योत दिसते. कूपीचे तोंड गंधकाने बंद होऊ नये म्हणून तापलेली लोखंडी सळई आत फिरवावी लागते. गंधक जळून गेला आणि तळाला लाली दिसू लागली की तोंडाला बूच बसवून आच वाढवितात. तळाशी संयुगाची वाफ होते, वर चढते आणि गळ्याच्या तुलनेने थंड भागात लाल थराच्या रूपाने जमते. कूपी थंड झाल्यावर ती फोडून गळ्यातील लाल वडी काढून घेतात. काळ्या रूपाचे लाल रूपात स्थित्यंतर झालेले असते.

याच पद्धतीत सुवर्ण मिसळून मकरध्वज करतात. सोन्याची वाफ या तापमानाला होत नसल्याने ते बहुतांशी कूपीच्या तळाशीच राहते, हे वैद्यांनाही ठाऊक आहे. संयुगाच्या दृष्टीने गळ्यातील मुख्य द्रव्य पुन्हा मर्क्युरिक सल्फाइडच असते.

औषधात थेट वापरायचा हिंगूळ लिंबाच्या किंवा आल्याच्या रसात घोटून, वाळवून आणि पुन्हा घोटून शुद्ध करतात. अशा सात भावना देण्याची रीत आहे. वारंवार घोटण्याने कण अतिसूक्ष्म होतात आणि आम्लरसात विरघळणारी अशुद्धी धुऊन काढता येते. संयुगाचे मूळ स्वरूप मात्र तेच राहते. शोधनाने हिंगुळातील पारा नाहीसा होतो, हा समज चुकीचा आहे.

पोथीची लाल शाई

औषधापलीकडेही हिंगुळाने मराठी मुलखाला बरेच काही दिले. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत मजकूर काळ्या शाईने आणि ओवीचे आकडे, दंड, अध्यायसमाप्ती लाल रंगात लिहिण्याची पद्धत होती. त्या लाल शाईसाठी हिंगूळ खलून डिंकाच्या पाण्यात कालवीत. ज्ञानेश्वरी जेथे १२९० मध्ये सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यातले. पुढील शतकांत अशा ग्रंथांच्या ज्या नकला गावोगाव झाल्या, त्यांतील लाल खुणा पाहताना या खनिजाची आठवण व्हावी.

चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखक दुसरे एक सल्फाइड वापरीत. ते म्हणजे पिवळी हरताळ, आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. पिवळसर कागदावर हरताळीचा लेप दिला की खालचे अक्षर दिसेनासे होई. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत आला तो या पद्धतीवरून.

लघुचित्रांच्या कलेतही लाल रंगासाठी हिंगूळ हे चित्रकारांचे प्रमुख द्रव्य होते. दख्खनी चित्रशैलीचा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित, सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात अहमदनगरच्या निजामशाही दरबारात तयार झाले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ते जतन केले आहे. अशी चित्रे आणि पोथ्या उन्हापासून दूर ठेवण्यामागेही रसायनशास्त्र आहे. क्लोरीनयुक्त क्षार आणि प्रकाश यांच्या संयुक्त परिणामाने हिंगुळाचा लाल रंग काळवंडतो. इटलीतील पॉम्पेई येथील भित्तिचित्रांवर असे काळे डाग पडलेले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅडमियमचा लाल रंग बाजारात आल्यानंतर चित्रकलेतून हिंगूळ हळूहळू मागे पडला.

हिंगूळ, शेंदूर आणि कुंकू यांची गल्लत टाळणेही आवश्यक आहे. देवाला लावला जाणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड असते. घरगुती पद्धतीचे कुंकू हळदीवर क्षाराची प्रक्रिया करून होते. त्यात पाराही नसतो आणि शिसेही नसते. बाजारात हिंगुळात शेंदराची भेसळ करण्याचा प्रकार जुनाच आहे आणि ती ओळखण्याची प्रयोगशाळेतील परीक्षाही तितकीच जुनी. विरल नत्राम्ल घातल्यावर शेंदूर तपकिरी होतो, हिंगूळ लालच राहतो. भेसळयुक्त हिंगुळातून औषध झाले तर रुग्णाच्या पोटात पाऱ्याबरोबर शिसेही जाते. शिशाची संयुगे हिंगुळाइतकी अविद्राव्य नसल्याने हा धोका अधिक गंभीर ठरतो.

शरीरात काय घडते?

‘पारा विषारी आहे’ हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. पारा कोणत्या रूपात आणि कोणत्या मार्गाने शरीरात जातो, यावर परिणाम ठरतो. १९५६ मध्ये जपानमधील मिनामाता येथे उघडकीस आलेली विषबाधा मिथिल पाऱ्यामुळे झाली होती. कारखान्याच्या सांडपाण्यातून तो समुद्रात गेला, माशांत साठला आणि मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेवर त्याने घाला घातला. मिथिल पारा आतड्यातून जवळपास संपूर्ण शोषला जातो. मर्क्युरिक क्लोराइड हे विद्राव्य असल्याने त्याचाही काही टक्के भाग शोषला जातो. मर्क्युरिक सल्फाइडचा शोषला जाणारा भाग मात्र एका टक्क्याहूनही बराच कमी असतो. रसशास्त्राच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य वैज्ञानिक युक्तिवाद हाच आहे आणि तो निराधार नाही.

मात्र त्या युक्तिवादाला मर्यादा आहेत. पहिली मर्यादा मात्रेची. अत्यल्प टक्केवारी असली तरी रोज, महिनोन्महिने घेतलेल्या औषधातून शरीरात गेलेला पारा साठत राहतो आणि त्याचे साठण्याचे ठिकाण मुख्यतः मूत्रपिंड असते. उंदरांना मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ हिंगूळ दिल्यावर मूत्रपिंडांत पारा साचल्याचे प्रयोगांत आढळले आहे. दुसरी मर्यादा कणांच्या आकाराची. अतिसूक्ष्म कणांचे वर्तन त्याच पदार्थाच्या मोठ्या स्फटिकासारखेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. तिसरी मर्यादा निर्मितीची. कज्जली अपुरी घोटली गेली, तीत मोकळा पारा राहिला किंवा कच्च्या मालात अन्य संयुगे मिसळलेली असली, तर अविद्राव्यतेचा आधारच निसटतो.

वैद्यकीय अनुभवही सावधगिरीकडे बोट दाखवितो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूत्रावाटे प्रथिने जाणाऱ्या एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचा संबंध पारायुक्त पारंपरिक औषधांशी असल्याचे मांडले गेले. ही औषधे थांबविल्यावर बहुतेक रुग्णांत सुधारणा दिसली, ही त्यातील दिलासादायक बाब. केरळमध्ये २०२१ ते २०२३ या काळात याच प्रकारच्या विकाराचा संबंध पारायुक्त, त्वचा उजळविणाऱ्या क्रीमशी जोडला गेला. क्रीममधील पारा सहसा सल्फाइडच्या रूपात नसतो. पण मूत्रपिंडाला पोहोचलेल्या पाऱ्याचे परिणाम सारखेच दिसतात, हे या दोन्ही अनुभवांतून स्पष्ट होते.

मोजायचे काय?

आयुर्वेदिक औषधांतील धातूंचा प्रश्न जागतिक चर्चेत आला तो २००४ मध्ये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या अहवालानुसार, बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २००८ मध्ये त्याच नियतकालिकात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील २०.७ टक्के औषधांत हे धातू होते. रसशास्त्रीय औषधांत हे प्रमाण ४०.६ टक्के, तर इतर औषधांत १७.१ टक्के होते.

यातील दुसरा आकडा खरे तर अधिक चिंताजनक आहे. रसशास्त्रीय कल्पात पारा मुद्दाम घातलेला असतो आणि तो घटकांच्या यादीत लिहिलेला असतो. ज्या औषधात तो असायलाच नको, त्यात तो आढळणे म्हणजे भेसळ, दूषित कच्चा माल किंवा निष्काळजीपणा. रसकल्पांविषयीच्या वादात हा फरक अनेकदा पुसला जातो.

या तपासण्यांत एकूण पारा मोजला गेला होता. एकूण पाऱ्याचा आकडा सल्फाइड, क्लोराइड आणि मोकळा पारा यांत भेद करीत नाही. रसऔषधाची सुरक्षितता ठरवायची तर तीन स्वतंत्र गोष्टी पाहाव्या लागतील : पारा कोणत्या संयुगाच्या रूपात आहे, जठरातील आम्लासारख्या द्रवात त्याचा किती भाग विरघळतो आणि मोकळा पारा उरला आहे का. यासाठीची उपकरणे देशातील अनेक विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत आहेत. प्रत्येक उत्पादनाच्या प्रत्येक घाण्यासाठी ती वापरणे खर्चाचे आहे, हे खरे. पण या परीक्षेविना दिलेली ग्वाही कारखान्याच्या शब्दावरच अवलंबून राहते.

कायदा काय सांगतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, १९४५ मधील अनुसूची ई (१) मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांतील विषारी द्रव्यांची यादी आहे. पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, रसकापूर, मोरचूद ही खनिजे आणि वत्सनाभासारख्या वनस्पती तीत आहेत. यांपैकी कोणतेही द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा आशयाची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे. त्रिभुवनकीर्तीत अशी दोन द्रव्ये आहेत. म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने ती सुंठीच्या काढ्यासारखी घरगुती वस्तू नाही.

निव्वळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य झाली. शिसे दहा लाखांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग या मर्यादा तेव्हापासूनच्या. धातू हाच ज्यांचा घटक आहे अशा रसकल्पांना ही मर्यादा लावणे तर्काला धरून नाही, हे उघड आहे. परंतु त्यांच्यासाठी निर्मितीप्रक्रियेची शिस्त अधिक काटेकोर असावी, अशी अपेक्षा त्यातूनच निर्माण होते. उत्तम निर्मितीपद्धतींचे नियम अनुसूची टी मध्ये आहेत. त्यांची अंमलबजावणी राज्याच्या यंत्रणेवर अवलंबून आहे.

खाण बंद, प्रश्न उघडा

भारतात पाऱ्याच्या उल्लेखनीय खाणी नाहीत. रसशास्त्राला लागणारा पारा प्राचीन काळापासून बाहेरून आला. संस्कृतात हिंगुळाला ‘दरद’ असेही नाव आहे. स्पेनमधील अल्मादेन आणि स्लोव्हेनियातील इद्रिया या हिंगुळाच्या जगप्रसिद्ध खाणी आता बंद झाल्या असून २०१२ पासून ती ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बाजारातील हिंगूळ आज मुख्यतः पारा व गंधक यांपासून कृत्रिमरीत्या तयार केलेला असतो.

पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, १६ ऑगस्ट २०१७ रोजी तो अमलात आला आणि भारताने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. नव्या पारा खाणींना त्यात मनाई आहे आणि जुन्या खाणींना मुदत घालून दिली आहे. ज्या उत्पादनांवर बंदी येते त्यांच्या यादीतून पारंपरिक व धार्मिक उपयोगाची उत्पादने मात्र वगळली आहेत. म्हणून रसकल्पांवर या कराराने थेट गदा आणलेली नाही. परंतु पाऱ्याचा अधिकृत पुरवठा आटत जाईल तसा कच्च्या मालाच्या शुद्धतेचा प्रश्न अधिक टोकदार होईल.

याच संदर्भात हिंगुळाचा एक नवा उपयोग पुढे आला आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये पाऱ्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा उद्योगांतून निघालेल्या द्रवरूप पाऱ्याचे करायचे काय, हा पेच उभा राहिला. उत्तर सापडले ते गंधकात. पाऱ्याचे सल्फाइडमध्ये रूपांतर करून तो जमिनीखाली खोल, कोरड्या जागी कायमचा ठेवण्याची पद्धत अवलंबली गेली. शाळेच्या प्रयोगशाळेत उष्णतामापी फुटल्यावर सांडलेल्या पाऱ्यावर गंधकाची पूड टाकतात, त्यामागचे तत्त्वही हेच. पाऱ्याला जखडून ठेवणारे याहून भरवशाचे रूप निसर्गातही क्वचितच आढळते.

ग्राहकाने काय पाहावे?

हे सारे लक्षात घेता ग्राहकाच्या हाती काही साध्या गोष्टी उरतात. डबीवर पारद, रससिंदूर, कज्जली, हिंगूळ, दरद किंवा मकरध्वज यांपैकी नाव असेल तर औषधात पाऱ्याचे संयुग आहे. असे औषध नोंदणीकृत वैद्याने, ठरावीक दिवसांसाठी आणि ठरावीक मात्रेत सांगितले असेल तरच घ्यावे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून किंवा मागच्या वर्षीच्या गोळ्या उरल्या आहेत म्हणून ते घेणे योग्य नव्हे. लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत तर वैद्याला स्थितीची पूर्ण कल्पना देणे अत्यावश्यक आहे. औषध अनेक आठवडे चालणार असेल तर मूत्रतपासणी केव्हा करायची, हे आरंभीच विचारून घ्यावे. पायांवर सूज येणे किंवा लघवीला फेस येणे अशी लक्षणे दिसल्यास औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि कोणते औषध चालू होते ते डबीसह सांगावे. आयुर्वेदिक औषधाची माहिती डॉक्टरांपासून दडविण्याची सवय रुग्णालाच महागात पडते.

वेष्टनावर निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घाण्याचा क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, पुडीत बांधलेली अनामिक गोळी ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणून दिली जात असेल, तर ती घेऊ नये. हिंगूळ आणि रससिंदूर घरात तापविण्याचा, धुरी देण्याचा किंवा विस्तवावर टाकण्याचा कोणताही प्रयोग करू नये. बंद खोलीत निघालेली पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो.

रसशास्त्राच्या जुन्या आचार्यांनी अपक्व रसऔषधांच्या दुष्परिणामांचे वर्णन स्पष्ट शब्दांत केले आहे आणि त्यापासून बचावासाठीच निश्चंद्रत्वासारख्या कसोट्या घालून दिल्या. त्या कसोट्यांचा आजचा अवतार म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल. तो प्रत्येक घाण्यासोबत उपलब्ध झाला आणि दुकानदाराकडे मागता आला, तर डबीतल्या हिंगुळाविषयीचा निर्णय ग्राहकाला श्रद्धा किंवा भीती यांवर सोडावा लागणार नाही.